झोपलंय, मेलेलं नाही

३ फेब्रुवारी

दादा,

पाकीट न फोडता परत पाठवू नकोस. मावशी म्हणाली, फोन वाजला की तू सरळ गच्चीवर निघून जातोस. म्हणून कागद घेतला. कागद वाजत नाही, तुझ्यामागे गच्चीवर येत नाही, आणि उत्तर दिलं नाहीस तरी निमूट पडून राहतो.

आधी भांडण उरकून घेऊ. चौकशीच्या खोलीत मला विचारलं, "हरवलेल्या डब्यावरचं, ठावठिकाणा कळवणारं तुमचं यंत्र बिघडलं असेल का?" मी म्हणाले, नाही. "मग डबा खड्ड्यातून उचलला तेव्हा ते बोललं का नाही?" मी म्हणाले, डबा कलला नसेल, कलला तरच ते जागं होतं. "ही गोष्ट तिथे साइटवर कुणाला ठाऊक होती?" मी म्हणाले, माझ्या भावाला. डबा ठेवायच्या खड्ड्याचं कुलूप शाबूत, किल्ली तुझ्याजवळ, दुसरी किल्ली स्टोअरमध्ये खिळ्यावर जागच्या जागी, आणि वर माझं हे वाक्य. तुझ्या साहेबांनी पेनाला टोपण लावलं. तू उठलास आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेलास.

मी खोटं बोलायला हवं होतं का? "बिघडलं असेल" एवढं म्हटलं असतं तर तू थोडा तरी मोकळा झाला असतास, मला कळतं. पण मग बिघडलेल्या यंत्राच्या हाकेची वाट कोण बघणार? सगळ्यांनी कान काढून घेतले असते. आणि तो डबा हरवलेला राहून चालणार नाही, हे मला तूच शिकवलंस. वेल्डिंगच्या सांध्याचा आतून फोटो काढणारा तो किरणांचा तुकडा, करंगळीच्या नखाएवढा. कुणी भंगारात विकायला म्हणून डब्याचं कुलूप फोडलं आणि तो तुकडा खिशात घातला, तर आधी मांडी जळते आणि मग माणूस जातो. हे तू जेवताना सांगितलं होतंस. आईनं तुला ताटावरून उठवलं होतं.

तुझा किरणांच्या कामाचा परवाना काढून घेतला हे मला मावशीकडून कळलं. तू सांगायला हवं होतंस.

तू डबा नेला नाहीस हे मला जसं ठाऊक आहे, तसंच माझं यंत्र जिवंत आहे हेही ठाऊक आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते मला अजून कळलेलं नाही. पण दोन्ही खरं आहे.

तुझा,
भोंगा

(हे नाव तूच ठेवलंस. मी रडले की तीन घरं पलीकडची म्हातारी दार उघडून बघायची म्हणून.)

७ फेब्रुवारी

दादा,

आज दिवसभर ऑफिसात माझी चेष्टा चालली आहे. "तुझं झोपाळू उठलं का गं?" तुझ्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलेल्या त्या यंत्राला सगळे आता झोपाळूच म्हणतात. म्हणू देत. त्याला झोपायला मीच शिकवलं आणि मला त्याची लाज नाही.

तुला आठवतं का, मी हे कुणाकडून शिकले? आपल्या जुन्या घराचा तो वळणावळणाचा जिना. वीज गेली की खालून पाणी आणायचं काम आपल्या दोघांचं, आणि घरात टॉर्च एकच, तोही मरतुकडा. मी म्हणायची, लाव ना, लाव ना. तू सरळ पायऱ्यांवर तो बंद ठेवायचास. वळण आलं की खट् करून लावायचास, पुन्हा बंद. म्हणायचास, "सरळ जाताना उजेड कशाला लागतो? पाय जातातच की. वळताना लागतो." शेजारच्यांचे टॉर्च आठवड्यात गचकायचे, आपला सबंध उन्हाळा पुरायचा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी कॉम्प्रेसरवर बसवलेली यंत्रं पटापट मरत होती. कॉम्प्रेसर दिवसभर थरथरतो, आणि प्रत्येक थरथरीला यंत्राला वाटायचं, आपल्याला कुणीतरी पळवून नेतंय. उठायचं, टॉवर शोधायचं, "मी इथे आहे" म्हणायचं, परत झोपायचं, परत उठायचं. मोठमोठे लोक मोठी बॅटरी घाला म्हणत होते. मला तुझा जिना आठवला. थरथर म्हणजे सरळ पायऱ्या. कलणं म्हणजे वळण. चालू यंत्र कितीही थरथरलं तरी उभंच असतं. उचलताना, लादताना, ढकलताना ते हमखास चांगलं कलतं. मी एवढंच शिकवलं: थरथरीला झोपून राहा, कललास की ऊठ. त्याशिवाय रोज सकाळी एकदा हाक मार.

त्या दिवशी मी घरी येऊन तुला सगळं सांगितलं आणि तू एवढा खूश झालास की आईला टॉर्च शोधायला लावलास. म्हणून तर तुला ठाऊक होतं, दादा. चौकशीत हे सगळं कोण ऐकून घेणार होतं?

भोंगा

१५ फेब्रुवारी

दादा,

आई विचारते, "उठलं का आपलं बाळ?" तिला वाटतं ते माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी रोज सांगते की ते हरवलंय, म्हणूनच तर सगळं रामायण. ती म्हणते, "हरवलंय ते कळलं. पण उठलं का?"

साइटवर अजून शोध चालू आहे. तुमच्या नव्या टाकीभोवतालची सगळी जमीन किरणं मोजणारी यंत्रं घेऊन पालथी घातली. भंगाराची दुकानं झाली, दवाखान्यांत विचारून झालं की कुणाचा हात-पाय भाजलाय का. कुणाचा नाही. हे ऐकून मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. याचा अर्थ डबा अजून बंद आहे, दादा. कुलूप तुझ्या हातचं आहे.

आता ऐक, कारण हे तुला मी कधी नीट सांगितलं नव्हतं. यंत्राने हाक मारली आणि टॉवरने नुसतं "ऐकलं" म्हटलं, की त्याचं समाधान होतं. उत्तर नको, पत्ता नको, विचारपूस नको. फक्त "ऐकलं". मग ते निवांत झोपतं आणि दुसऱ्या सकाळी परत हाक मारतं. पण कुणी ऐकलंच नाही तर? सगळ्यात जास्त बॅटरी तिथेच जाते. टॉवर सापडेना की ते जिवाच्या आकांताने ओरडतं. असं रोज ओरडत बसलं तर महिनाभरात आटोपलंच. म्हणून मी त्याला सांगून ठेवलंय, कुणी ऐकलं नाही तर पुढची हाक दुप्पट दिवसांनी मार. मग त्याच्या दुप्पट. मग त्याच्याही दुप्पट. आणि ज्या दिवशी कुणी "ऐकलं" म्हणेल, त्या दिवसापासून परत रोज.

म्हणून ते गप्प आहे. कुठेतरी लोखंडाच्या आत आहे, हाक मारली, कुणी ऐकली नाही, आता लांब झोप घेतंय. ऑफिसात कुणाला हे पटत नाही. त्यांच्या मते गप्प म्हणजे मेलेलं.

परवा प्रयोगशाळेत मी त्याच्या जुळ्या भावाला मीटर लावून बसले होते. झोपेत त्याची रेघ इतकी सपाट की मला मीटरच बिघडलाय असं वाटलं. बॅटरी नुसती फडताळात ठेवली तर आपोआप जेवढी झिजेल, जवळजवळ तेवढ्यावरच ते जगतं. दादा, मी हे स्वतः बनवलंय, तरी मला विश्वास बसत नाही. एवढ्याशा ताकदीवर एखादी वस्तू वाट बघू शकते. मी तासभर ती रेघ बघत बसले आणि माझा चहा गार झाला.

भोंगा

३ मार्च

दादा,

माझ्या दोन पत्रांमधले दिवससुद्धा दर वेळी दुप्पट होत चालले आहेत, लक्षात आलं का तुझ्या? माझ्या आज आलं. मुद्दाम केलेलं नाही.

आज मॅडमनी बोलावलं. आमच्या मॅडम म्हणजे ज्यांच्यापुढे बसलं की आपण आंघोळ केली आहे ना असा प्रश्न पडतो. म्हणाल्या, "त्या हरवलेल्या यंत्राचं सिम बंद करते आहे. आणि पुढच्या महिन्यापासून आपली सगळी यंत्रं दर दहा मिनिटांनी बोलतील. गिऱ्हाइकाला हेच हवंय."

मी म्हणाले, "दर दहा मिनिटांनी बोलली तर पावसाळ्याआधी सगळी मरतील."

"आणि हे झोपून मेलं, त्याचं काय?"

"ते मेलेलं नाही, मॅडम. झोपलंय. सिम बंद केलंत तर ज्या दिवशी उठेल त्या दिवशी त्याला कुणी ओळखणार नाही."

"भाऊ अडकलाय म्हणून बोलते आहेस."

मी म्हणाले, "हो. म्हणूनही."

आता एक गोष्ट सांगते, जी मी कुणाला सांगितली नव्हती. डबा हरवला त्या आठवड्यात मी एक जुळं यंत्र पत्र्याच्या डब्यात घातलं, तो डबा दुसऱ्या डब्यात, आणि ते सगळं ऑफिसच्या तळघरातल्या रिकाम्या तिजोरीत ठेवून दार लावून टाकलं. सिम चालू, नियम तेच. तेव्हापासून त्याचाही आवाज नाही. मी मॅडमना म्हणाले, चला. त्या उंच टाचांनी तळघराच्या पायऱ्या उतरल्या, याचंच मला आधी नवल वाटलं. तिजोरी उघडली, डबे उघडले. मी यंत्र त्यांच्या तळहातावर ठेवलं. धूळ बसलेलं, काड्यापेटीपेक्षा जरासं मोठं, ना दिवा ना आवाज. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, संपलं.

मी म्हणाले, "आता हात उलटा करा."

त्यांनी केला. आम्ही दोघी उभ्या राहिलो. तळघरात नेटवर्क कमी. तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. एक ओळ: जागा झालो, इथे आहे, बॅटरी जवळजवळ भरलेली.

मॅडमनी मूठ हलकेच मिटली, पक्ष्याचं पिल्लू धरावं तशी. मग म्हणाल्या, "हा इतके दिवस ऐकत होता?"

"ऐकत नव्हता. कलण्याची वाट बघत होता."

जिना चढताना त्या म्हणाल्या, "एप्रिलअखेरपर्यंत सिम राहू दे. पुढे मला विचारू नकोस." दर दहा मिनिटांचंही त्यांनी तोवर बाजूला ठेवलं.

दादा, मला नाचावंसं वाटत होतं आणि सांगायला तू नव्हतास. आईला सांगितलं. ती म्हणाली, "दुसरंच उठलं ना? आपलं नाही ना?"

भोंगा

४ एप्रिल

दादा,

काही नाही अजून.

मावशी सांगत होती की तू एका दुकानात खिडक्यांच्या जाळ्यांना वेल्डिंग करतोस आणि काम झाल्यावर प्रत्येक सांध्यावरून अंगठा फिरवत बसतोस. मालक म्हणतो, अहो, जाळी आहे, विमान नाही. मी खूप हसले आणि मग मला ते सहन झालं नाही.

या महिन्याअखेर सिम बंद होईल. मी हिशोब केला, त्याची पुढची हाक त्यानंतर आहे. म्हणजे आपणहून ते वेळेत बोलणार नाही. आता कुणीतरी त्याला कलवायला हवं, उघड्यावर. तो कुणीतरी कोण असेल आणि त्याच्या हातात नुसता डबा असेल की कुलूप फोडायला हातोडी, या विचाराने घास उतरत नाही.

तुझ्याकडे मागायचं काही नाही. पत्र मिळतं का एवढं कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

भोंगा

१९ एप्रिल

दादा, दादा, दादा,

उठलं.

काल भर दुपारी, मी जेवणाचा डबा उघडून पहिला घास तोंडात घालतेय तोच समोरच्या पडद्यावर एक ओळ आली. झाकणातल्या यंत्राचा नंबर मला पाठ आहे, तरी तो मी बोट ठेवून परत परत वाचला. जागा झालो, इथे आहे. आणि "इथे" म्हणजे कुठे, तर डोंगरापलीकडे, तुमच्याच कंपनीची दुसरी साइट, जिथे अजून नुसती जमीन सपाट करून ठेवलीय. बॅटरी निम्म्याहून जास्त. निम्म्याहून जास्त, दादा! रोज ओरडत बसलं असतं तर फेब्रुवारी संपायच्या आत गेलं असतं आणि काल तो डबा कललेला कुणालाही कळला नसता.

मी ओरडले. तोंडात घास असताना ओरडले. आमच्या अख्ख्या मजल्याला आता माहीत आहे की मला भोंगा का म्हणतात.

मॅडमनी स्वतः तुझ्या साहेबांना फोन लावला, त्यांनी तिकडच्या साइटवर. तिथला माणूस फोनवर म्हणाला, "हो, आताच आमचा हत्यारांचा कंटेनर उघडला, एक पिवळी पेटी क्रेनने काढताना तिरकी झाली." साहेबांचा आवाज मला टेबलाच्या या बाजूला ऐकू आला: "हात लावू नका! लांब व्हा!" संध्याकाळपर्यंत किरणं मोजणारे लोक पोचले. कुलूप जसंच्या तसं. कुणाला काही झालेलं नाही. कुणालाही नाही. हे मी दोनदा लिहितेय कारण मला दोनदा वाचायचंय.

आता कसं झालं ते ऐक. आज तुमच्या स्टोअरवाल्या काकांनी आपणहून सगळं सांगितलं. डबा सापडल्याची बातमी आली तशी ते साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या रडले म्हणे. त्या रात्री नव्या टाकीत चाचणीसाठी पाणी भरून ठेवलं होतं ना? तिचा खालचा एक जोड गळायला लागला आणि पाणी वाहत तुझ्या खड्ड्याकडे आलं. काका रात्रपाळीला स्टोअरमध्ये होते. त्यांनी खिळ्यावरची किल्ली घेतली, राखणदाराला हाताशी धरलं, डबा वर काढला, खड्ड्याला पुन्हा कुलूप लावलं, किल्ली परत खिळ्यावर. डबा एका पिवळ्या पेटीत सरळ उभा, घट्ट बसवून हत्यारांच्या कंटेनरमध्ये ठेवला. पाण्यापासून वाचावा म्हणून. सकाळी तुला सांगायचं होतं. सकाळी ते घरून परत येईपर्यंत ट्रक कंटेनर घेऊन गेलेला, आणि खड्ड्यापाशी पोलिस. त्यांची आणि राखणदाराची, दोघांचीही बोलतीच बंद झाली. मग प्रत्येक दिवसागणिक बोलणं आणखी कठीण होत गेलं. डोंगरापलीकडचं काम लांबलं, शोध घेणाऱ्यांना तिथल्या लोकांनी फोनवर सांगितलं की कंटेनरचं सील जागेवर आहे, आणि कुणी उघडून बघितलं नाही.

मला त्यांचा राग येतो. पण एक गोष्ट ऐक. मी त्यांना फोनवर विचारलं, ओल्या शिडीवरून एवढा जड डबा काढलात, जराही कलला कसा नाही? म्हणाले, "त्यांनीच शिकवलंय ना आम्हाला. हा डबा काठोकाठ भरलेल्या पातेल्यासारखा न्यायचा, थेंब सांडता कामा नये. अंधार होता, पायाखाली चिखल होता, पण आम्ही तसाच नेला."

त्यांनी म्हणजे तू.

आता मला कळलं, दोन्ही खरं कसं होतं. माझं यंत्र झोपून राहिलं कारण तुझ्या लोकांनी ते कलू दिलं नाही. तुझी शिकवण इतकी पक्की की माझं यंत्र जागं करायला ट्रक, घाट, खड्डे, सगळं मिळून पुरलं नाही. तुला कधी न भेटलेला क्रेनवाला लागला. मी आज दिवसभर हेच घोळवत बसले आहे. आपण दोघांनी आपापलं काम इतकं चोख केलं की त्यातच तू अडकलास. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून आईला फोन केला.

आई म्हणाली, "उठलं ना? मग आता त्याला सांग."

"त्याला" म्हणजे तुला.

परवाना परत मिळेल, साहेब लेखी देणार आहेत. सही त्यांची असेल, पण त्यातलं एक वाक्य मी घालायला लावलंय, "यंत्र बिघडलेलं नव्हतं आणि माणूसही खोटा नव्हता." साहेब म्हणाले, पहिला भाग कशाला? मी म्हणाले, माझ्यासाठी.

लगेच ये असं म्हणत नाही. माफ कर असंही म्हणत नाही. परत विचारलं तर मी परत खरंच सांगेन आणि हे तुलाही ठाऊक आहे. पण त्या खोलीतून तू एकटा बाहेर गेलास आणि मी खुर्चीवर बसून राहिले, याचं मला फार वाईट वाटतं. मी तुझ्यामागे यायला हवं होतं.

मला लांबलचक उत्तर नको. पत्ता नको, विचारपूस नको. फक्त "ऐकलं" म्हण. तेवढं पुरतं. मी तशीच बनवलेली आहे.

तुझा,
भोंगा

२४ एप्रिल

दादा,

काल फोन वाजला तेव्हा मी जिन्यात होते, हातात भाजीची पिशवी. अनोळखी नंबर. पलीकडून ग्राइंडरचा आवाज, मग तो बंद झाला. मी "कोण?" म्हणालेसुद्धा नाही.

"ऐकलं," तू म्हणालास.

मला बोलता येईना. मला, भोंग्याला. तुलाही ते कळलं असणार, कारण तू घसा खाकरलास आणि म्हणालास, "किती लिहितेस गं! बॅटरी उतरेल तुझी." आणि ठेवून दिलास.

पायरीवर बसले. बटाटे जिन्यावरून घरंगळत खाली गेले आणि एकेक वळणावर थांबले. आई दारात येऊन म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, दादाने ऐकलं. ती आत गेली आणि तिने रेडिओ लावला, बराच मोठ्याने, म्हणजे आपलं रडणं मला कळू नये.

आज सांगण्यासारखं विशेष काही नाही. सकाळी ऑफिसात गेले, झोपाळूने वेळेवर हाक मारली, टॉवरने ऐकली. मॅडमनी ते दहा मिनिटांचं प्रकरण कायमचं गुंडाळलं. बटाटे सगळे मिळाले.

तुझा,
भोंगा